डोकं वर, चोच मिटलेली

सकाळी साडेसातला पक्षीनिरीक्षकांच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो येतो. बोरीच्या काटक्यांत अर्धा लपलेला, मातकट रंगाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. खाली प्रश्न: ‘हा कोण?’ पाच मिनिटांत उत्तर येतं, ‘ब्लिथचा वटवट्या.’ दुसरं कुणी म्हणतं, पंख नीट दिसत नाहीत, घाई नको. तिसरा डोळ्यावरच्या फिकट रेघेकडे लक्ष वेधतो. चर्चा तासभर चालते. फोटो टाकणाऱ्यानं आपल्या संदेशाची माहिती उघडली, तर नावांची लांबलचक यादी दिसते. तीनशे जणांनी फोटो पाहिला आहे. बोलले सहा.

उरलेले काय करत होते?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. ऑफिसच्या बैठकीत लोक गप्प का बसतात हे सांगायला संशोधक लागत नाही. सोसायटीच्या गटात तर माणूस नाइलाजानंच असतो. पण छंदाच्या गटात कुणी कुणाला ओढून आणलेलं नसतं. वटवट्यांमधले बारकावे कळावेत म्हणून माणूस आपणहून येतो, वर्षानुवर्षं राहतो, रोज चहाबरोबर सगळं वाचतो आणि एक अक्षर लिहीत नाही. विणकाम, बोन्साय, शाईची पेनं, जुनी नाणी, गडकोट, सगळीकडे हीच तऱ्हा. मायबोली, मिसळपाव यांसारख्या मराठी संकेतस्थळांवरची जुनी मंडळी अशा माणसाला ‘रोमात’ (‘रीड ओन्ली मोड’मध्ये) आहे म्हणतात. वर्षानुवर्षं रोमात राहिलेला एखादा सदस्य अचानक पहिला प्रतिसाद लिहितो, तेव्हा लक्षात येतं की तिथल्या गाजलेल्या भांडणांसकट सगळा इतिहास त्याला पाठ आहे.

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर लिहिणारे जेकब नील्सन यांनी 2006 साली या प्रकाराचं एक ढोबळ सूत्र मांडलं. शंभरातले 90 जण नुसते पाहतात, 9 जण कधीमधी बोलतात आणि बाकीचं जवळजवळ सगळं बोलणं एकटा उरलेला माणूस करतो. सूत्र सुटसुटीत होतं, म्हणून ते निसर्गनियमासारखं पसरलं. हौशी लोकांनी विज्ञानाला मदत करायची अशा ‘झूनिव्हर्स’ या व्यासपीठावरच्या सात प्रकल्पांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही सर्वांत जास्त काम करणाऱ्या 10 टक्के स्वयंसेवकांनी सुमारे 80 टक्के काम उरकलं होतं. बहुतेक लोक एकदा डोकावून गेले होते.

पण सूत्र बाजूला ठेवून एकेक गट मोजायला घेतला की गंमत सुरू होते. ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस या संशोधकांनी 2000 साली ई-मेलवर चालणाऱ्या चर्चागटांची मोजणी केली. 12 आठवड्यांत एकही संदेश न लिहिणारा तो गप्प, अशी सोपी कसोटी त्यांनी लावली. आजारपणात एकमेकांना आधार देणाऱ्या गटांत असे सरासरी 46 टक्के लोक निघाले. सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवणाऱ्या गटांत 82 टक्के. आणि एकेकट्या गटाकडे पाहिलं तर कुठे हे प्रमाण शून्य होतं, कुठे 99 टक्के.

शून्य ते 99! गप्प बसणं हा निव्वळ माणसाच्या स्वभावाचा भाग असता, तर लाजाळू आणि बोलकी माणसं सगळ्या गटांत साधारण सारख्या प्रमाणात सापडायला हवी होती. तसं झालं नाही. म्हणजे शोध माणसाच्या मनात जितका घ्यायचा, तितकाच तो बसला आहे त्या जागेतही घ्यायला हवा.

नॉनेकी आणि प्रीस यांनीच डोरीन अँड्र्यूज यांच्यासोबत पुढचा प्रश्न थेट गप्प लोकांनाच विचारला. मायक्रोसॉफ्टच्या ‘एमएसएन’वरच्या 375 गटांतली ही पाहणी 2004 मध्ये छापून आली. निम्म्याहून जास्त लोकांचं उत्तर अगदी सरळ होतं: लिहिण्याची गरजच पडली नाही. हवं ते वाचूनच मिळत होतं. त्याखालोखाल, गट कसा आहे ते आधी समजून घ्यायचं होतं. तिसरं कारण मात्र चकित करणारं आहे. आपण न लिहून गटाला मदतच करतो आहोत, असं अनेकांना वाटत होतं. तंत्र न जमणं आणि गटातलं वातावरण न आवडणं ही कारणं बरीच खाली होती. सुरुवातीपासूनच गप्प राहायचा बेत करून आलेले लोक जेमतेम 13 टक्के होते. बाकीच्यांनी मौन धरलं नव्हतं. ते गप्प राहत गेले होते.

आधी वाचा, मग बोला, हा तर इंटरनेटचा जुना शिष्टाचारच. 1995 साली इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी नेटवर कसं वागावं याची एक नियमावली संकलित केली. त्यात नवख्यांना सांगितलं आहे की कुठल्याही गटात काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा, म्हणजे तिथली रीतभात कळेल. आज ज्याला आपण उदासीनता समजतो, ते त्या काळी सभ्यपणाचं पहिलं लक्षण होतं.

आणि गप्प राहून मदत होते, या तिसऱ्या उत्तराचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. तीनशे जणांच्या गटात प्रत्येकानं दिवसाला फक्त तीन संदेश टाकले, तर होतात 900. एकेक वाचायला 15 सेकंद धरली तर रोजचे पावणेचार तास. आठवड्याभरात गट ओस पडेल. माणसाची गप्पांची मूळ क्षमता तर त्याहून फार लहान आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोकळेपणानं बोलत बसलेल्या लोकांचं निरीक्षण केलं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. एका गप्पेत साधारण चार माणसं टिकतात. पाचवा-सहावा आला की थोड्याच वेळात एकाच्या दोन गप्पा होतात. तीनशे माणसं एकाच धाग्यावर एकत्र राहू शकतात, याचं एकमेव कारण म्हणजे एका वेळी त्यातली बहुतेक बोलत नाहीत.

आता भीतीकडे येऊ, कारण ती नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात बिलियर्ड्स खेळणाऱ्यांवर केलेला प्रयोग 1982 साली प्रसिद्ध झाला. कोण चांगला खेळतो आणि कोण कच्चा, हे आधी लांबून टिपून घेतलं. मग चार माणसं टेबलाजवळ येऊन नुसती पाहत उभी राहिली. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके 71 टक्क्यांवरून 80 वर गेले. कच्च्यांचे 36 वरून 25 वर घसरले. पाहणारी माणसं तीच, शांतपणे उभी. त्यांच्या नजरेनं जाणकाराचा हात बसला आणि नवख्याचा सुटला. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं 1965 मध्येच याची उपपत्ती मांडली होती: प्रेक्षक असले की अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक जोरात बाहेर येते, आणि नवख्याच्या अंगवळणी पडलेल्या असतात त्या चुका. वटवट्या ओळखायला नुकत्याच लागलेल्या माणसासमोर चार नव्हे, तीनशे प्रेक्षक असतात. त्याचं न बोलणं भित्रेपणाचं म्हणायचं की हिशेबाचं?

पक्षीनिरीक्षणात तर या सावधपणाला खास मान आहे, आणि त्यामागे आपल्याच मातीतली एक गोष्ट आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कुणालाच दिसलं नव्हतं. खानदेशात नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात त्याचे काही नमुने गोळा केले होते. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं आणखी एक नमुना दाखवला आणि तो आपण 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचं लिहून ठेवलं. शोधणारे त्या नोंदीवर विसंबले. हाती काही लागलं नाही. अखेर पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या कातड्याची बारकाईनं तपासणी केली. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना होता, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला. खोटी चिठ्ठी बाजूला पडली आणि शोध खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळला. नोव्हेंबर 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, 113 वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला.

ठामपणे उच्चारलेल्या एका खोट्यानं पिढ्यांची दिशाभूल केली. ज्या छंदाच्या इतिहासात हे घडलं आहे, तिथे ‘खात्री नसेल तर नोंद करू नये’ हा संस्कार असणारच. शिवाय पक्ष्यांच्या जगात खात्री असूनही गप्प बसण्याचे प्रसंग येतात. घुबडाचं घरटं सापडलं आणि जागा जाहीर केली, की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. म्हणून जाणकार ठिकाण सांगत नाहीत. ‘ई-बर्ड’सारखं जागतिक नोंदस्थळही काही संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा लपवून ठेवतं. तीनशेंच्या त्या यादीत नवखा गप्प आहे आणि सर्वांत मुरलेलाही गप्प आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात.

गप्प माणूस नुसतं पाहत असतो, असं आपण सहज म्हणून जातो. त्या ‘नुसतं’मध्ये किती काय घडतं, हे मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांना पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियातल्या शिंप्यांच्या दुकानांत दिसलं. तिथले शिकाऊ मुलगे कापड कापण्यापासून सुरुवात करत नाहीत. ते आधी इस्त्री करतात, काज-बटणं करतात, हातशिलाई करतात. मग मशीनवर शिवणं, आणि कापणं सर्वांत शेवटी. काम उलट्या क्रमानं हातात येतं. त्यामुळे मुलगा पहिल्या दिवसापासून पुरा झालेला कपडा पाहत असतो, आणि चुकला तरी महागाचं कापड वाया जात नाही. लेव्ह यांनी एतिएन वेंगर यांच्यासोबत 1991 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात यातून एक मोठं विधान उभं केलं: कडेला बसणं हे शिकण्याच्या बाहेरचं नव्हे, ती शिकण्यातली हक्काची पहिली पायरी आहे. आपल्याकडच्या गाण्याच्या बैठकीला हे नव्यानं सांगायला नको. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं, असं आपण म्हणतोच, आणि कानसेनाचं डोलणं नसेल तर गवयाचाही सूर लागत नाही.

मग पाहून शिकणं फायद्याचं किती? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या केव्हिन लेलंड आणि सहकाऱ्यांनी हे ठरवायला चक्क स्पर्धा ठेवली, बक्षीस 10,000 युरोंचं. संगणकात एक काल्पनिक जग रचलं. तिथल्या जिवाला दर फेरीत तीनपैकी एकच गोष्ट करता येई: स्वतः नवं काही शोधायचं, दुसऱ्याचं पाहायचं, किंवा आधीच येत असलेलं वापरून कमाई करायची. जग मधूनमधून बदलायचं, म्हणजे जुनं ज्ञान कालबाह्य व्हायचं. कोणतं धोरण टिकेल? जगभरातून 104 धोरणं आली. निकाल 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कॅनडातले डॅनियल काउंडन आणि टिमथी लिलिक्रॅप हे दोन विद्यार्थी जिंकले, आणि त्यांचं धोरण शिकायची वेळ आली की जवळजवळ नेहमी दुसऱ्याकडे पाहायचं.

संशोधकांना याचं नवल वाटलं. पाहण्यात तर धोका असतो, समोरच्याचं चुकलेलंही आपण उचलू शकतो. पण उलगडा सुंदर होता. प्रत्येक जण आपल्याला येतं त्यातलं सर्वांत चांगलं तेवढंच करून दाखवतो. पाहणाऱ्यापर्यंत पोचतं ते आधीच चाळून झालेलं. फोटोखालच्या सहा जणांनी वर्षानुवर्षं चुका करून जे कमावलं, त्यातलं निवडक तेवढं तीनशे जणांच्या पदरात रोज सकाळी पडतं.

अर्थात सगळेच पाहत बसले तर पाहायला उरणार काय? याचं उत्तर शोधायला खुद्द पक्ष्यांकडे जावं लागतं. आपल्या गवताळ रानांत थव्यानं फिरणारी ठिपकेवाली मुनिया कॅनडातल्या प्रयोगशाळांत फार कामाची ठरली. माँट्रियलच्या लुक-अलँ जिराल्दो आणि सहकाऱ्यांनी तिचे थवे दाणे टिपताना तासन्‌तास न्याहाळले. थव्यातले काही पक्षी डोकं खाली घालून उड्या मारतात. ते स्वतः दाणे शोधतात. काही डोकं वर ठेवून उड्या मारतात. ते, कुणाला दाणे सापडले याच्यावर नजर ठेवून असतात आणि सापडले की तिथे पोचतात. एवढासा पक्षी, आणि त्याच्या मानेच्या कोनावरून सांगता येतं की तो या क्षणी शोधणारा आहे की पाहणारा!

पाहणारे थोडे असले की त्यांची चंगळ असते. ते वाढले की दाणे शोधणारे कमी पडतात, पाहण्यात मिळकत राहत नाही, आणि काही पक्षी मान खाली घालून शोधायला लागतात. शोधणारे वाढले की काही पुन्हा मान वर करतात. प्रयोगात परिस्थिती बदलली तशी मुनियांनी आपली वागणूक बदलली आणि काही दिवसांत थवा गणितानं सांगितलेल्या तोलाच्या आसपास येऊन स्थिरावला. यात जन्मजात शोधणारी मुनिया आणि जन्मजात पाहणारी मुनिया अशा दोन जाती नाहीत. पक्षी तोच, थव्यातली जागा बदलते.

माणसांचंही असंच आहे. नॉनेकी आणि प्रीस यांनी घेतलेल्या मुलाखतींत, एका गटात महिनोन्‌महिने अवाक्षर न काढणारे लोक दुसऱ्या गटात मोकळेपणानं लिहिताना आढळले. वटवट्यांच्या फोटोखाली गप्प असलेल्या काकू आंब्याच्या लोणच्याच्या गटात तिघांच्या पाककृती दुरुस्त करत असतील. पक्ष्यांच्या गटातला पट्टीचा बोलणारा कॅमेऱ्याच्या भिंगांच्या गटात दोन वर्षं रोमात असेल. ‘गप्प सदस्य’ नावाची माणसांची जात शोधू गेलं तर ती सापडत नाही. सापडतात त्या गप्प करणाऱ्या, किंवा गप्प राहू देणाऱ्या जागा.

या दोन जागांत फरक आहे, आणि तो डोळ्याआड करून चालत नाही. विकिपीडियात लिहिणाऱ्यांची 2008 मध्ये पाहणी झाली तेव्हा त्यांत स्त्रिया सुमारे 13 टक्केच निघाल्या, वाचकांत मात्र त्यांचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त होतं. वाचायला येतात, लिहायला थांबत नाहीत. लिहिलेलं पुसलं जाण्याचा आणि त्यावरून होणाऱ्या वादांचा अनुभव त्याच्या कारणांत पुन्हा पुन्हा सांगितला गेला आहे. आपल्या पक्षीगटांतही असं होतं. टिटवीनं अंडी यंदा नदीच्या पात्रात घातली की वर माळावर, हे ज्या शेतकऱ्याला नांगरताना कळतं आणि त्यावरून जो पावसाचा अंदाज बांधतो, तो ‘रेड-वॉटल्ड लॅपविंग’ या तिच्या इंग्रजी नावानं चाललेल्या चर्चेत तोंड उघडत नाही. तिथे तो शिकतही नसतो आणि शिष्टाचारही पाळत नसतो. त्याच्यासाठी तिथे बोलायची जागाच नसते. त्याच्या गप्प बसण्यात गटाचं नुकसान आहे.

बदलायची असेल तर जागा बदलता येते, आणि ती कशी, याचा धागा त्या 46 आणि 82 टक्क्यांत आहे. दोन्ही गटांत विचारले जाणारे प्रश्नच निराळे असतात. सॉफ्टवेअरच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं; ते एकानं दिलं की बाकीच्यांना बोलण्यासारखं काही राहत नाही, आणि चुकलं तर हसं होतं. आजारपणाच्या गटात मात्र प्रत्येकाचं दुखणं त्याच्या स्वतःच्या मालकीचं असतं. ‘मला काल रात्री झोप लागली नाही’ हे वाक्य कुणी खोडून काढू शकत नाही. ‘हा कोण?’ हा पक्षीगटातला प्रश्न पहिल्या जातीचा आहे. सहा जण पुरतात.

दुसऱ्या जातीचा प्रश्न विचारून पाहिला गेला आहे. 2007 मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सुरुवातीला हिवाळी पाहुण्यांपैकी फक्त नऊ पक्षी निवडले आणि लोकांना विचारलं: यंदा तो तुम्हाला पहिल्यांदा कधी दिसला? पिसांच्या बारकाव्यांवरची परीक्षा नाही, मागितली ती फक्त तारीख. पुढे अशा हौशी नोंदींची सवय देशभर वाढत गेली. 2023 सालचा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा अहवाल 30,000 हून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या 3 कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात 942 जातींचा आढावा आहे. यातल्या कित्येकांनी आयुष्यात कुठल्याही चर्चेत तोंड उघडलं नसेल. त्यांनी पाहिलं, लिहिलं आणि पाठवून दिलं.

तेव्हा गटप्रमुखांनी तीनशे जणांना ‘बोला, बोला’ म्हणून टोचण्यापेक्षा आठवड्यातून एकदा प्रश्न बदलून पाहावा. तुमच्या घराजवळ कोकीळ यंदा कधी ओरडायला लागला? तुमच्या गावी भारद्वाजाला काय म्हणतात? टिटवीची अंडी कुठे दिसली? ज्यांना सांगायचं आहे ते सांगतील. बाकीचे वाचत राहतील, आणि त्यांनी खुशाल वाचत राहावं. सहा जण इतक्या हौसेनं वटवट्यावर वाद घालतात ते तरी कुणाच्या भरवशावर?